लालपाठीची राखण

सन दोन हजार सोळा. कोरडे दिवस सरत आले होते. बारा नंबरच्या झाडाशी गुडघे टेकून बसलेली संशोधक मुलगी खोडावरच्या पत्र्याचं शेवाळ नखाने खरवडत होती, आणि दोरीचं दुसरं टोक धरून दोरीवाली तिच्यापासून पाच पावलांवर उभी होती.

“बारा. आणि खाली शून्य-नऊ. हे शून्य-नऊ काय आहे, काकू?”

“साल. पत्रा ठोकला ते साल.”

“म्हणजे आधीचा पत्रा गळून पडला होता?”

दोरीवालीने दोरी जरा ताणली. “तू मोज आधी. माझा हात अवघडलाय.”

मुलगी ओणवी होऊन मोजू लागली. दोरी खोडाला बांधायची, पाच पावलांची गोल फेरी घ्यायची आणि त्या फेरीच्या आत लालपाठीची रोपं किती ते वहीत लिहायचं, असं हे काम. लालपाठी म्हणजे मोठ्या झाडांच्या दाट सावलीत वाढणारं वीतभर रोप. वरून पाहिलं तर चारचौघांसारखं हिरवं. पान उलटलं की पाठ लालभडक. वरची झाडं सगळा उजेड पिऊन टाकत, आणि खाली गळालेल्या चार कवडशांवर ही आपला संसार करी. एकतीस वर्षं दर वर्षी, या बारा झाडांखाली, तिची मोजणी होत आली होती. रखवालदार मोजायचा, त्याची बायको दोरी धरायची, म्हणून ती दोरीवाली. वस्तीतले लोक तिचं खरं नाव कधीच विसरून गेले होते. आता रखवालदाराच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता, म्हणून शहरातून आलेली ही मुलगी मोजत होती. दोरी मात्र होती तिच्याच हातात.

“एकसष्ट,” मुलगी म्हणाली. वहीत लिहून तिने वही मिटली आणि तिथेच एका मुळावर बसली. “गेल्या वर्षी बासष्ट. पहिल्या वर्षी साठ. काकू, हिला काही होतच नाही.”

“मग चांगलंच की.”

“काय चांगलं! चार वर्षं मी या जंगलात तापमापक पुरून ठेवलेत. खालचं जंगल तापलंय. अशी सावलीतली रोपं ऊन सहन करत नाहीत, त्यांना गारव्याच्या मागे वर सरकावंच लागतं. माझं सगळं गणित तेच सांगतं. आणि ही वही म्हणते, एकतीस वर्षांत बाईसाहेब एक पाऊलसुद्धा हलल्या नाहीत.”

“तुझे साहेब काय म्हणतात?”

मुलीने साहेबांसारखा हनुवटीखाली हात धरला. “‘तुझा संगणक म्हणतो ती चालतेय, वही म्हणते ती बसलीये. मी वहीचं ऐकणार.’”

दोरीवालीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन परतलं. सोमवारी बैठक होती, हे तिलाही ठाऊक होतं. बारा नंबरच्या वरचा सगळा उतार रोपवेच्या स्थानकाला आणि गाड्या लावायच्या जागेला द्यायचा होता. लालपाठी वर जात नसेल, तर वरचा उतार तिच्या कामाचा नाही, आणि मग तो तोडायला कुणाची हरकत असणार? एकदा तो उतार मोकळा झाला, की खालून वर येणाऱ्या रोपाला पुढे वाटच उरणार नव्हती.

मुलीने खिशातून उंची दाखवणारं यंत्र काढलं आणि तळहातावर आपटलं. “त्यात हेही बिघडलंय. ही मोजणी सुरू करणाऱ्या मोठ्या सरांच्या पहिल्या वहीत एक नंबरच्या झाडाची उंची चारशे ऐंशी मीटर लिहिलीये. हे दाखवतं पाचशे सत्तर. बाराही झाडांना तोच घोळ, ऐंशी-नव्वद मीटरचा फरक. साहेब म्हणतात, त्या काळची यंत्रं तशीच होती, सोडून दे.”

दोरीवाली दोरी कोपराभोवती गुंडाळू लागली. दर वर्षी सोळा वेढे होत. त्या दिवशी मधेच मोजणी चुकली. तिने सगळी दोरी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

घरी रखवालदार खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. दोन्ही गुडघ्यांवर गरम फडकी, आणि डोक्यावर भिंतीला ते प्रशस्तिपत्र. जाड फ्रेम, सोनेरी कडा. ‘पंचवीस वर्षे अखंड मोजणी, एकही खाडा नाही.’ निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं. त्यानंतरही सहा वर्षं तो फुकट मोजत राहिला, हे त्या कागदावर नव्हतं. पण घरी आलेल्या प्रत्येकाला ते तोंडी ऐकावं लागे.

“किती भरली?” त्याने विचारलं.

“एकसष्ट.”

“बघ! मी म्हणालो होतो ना, साठाच्या खाली जायची नाही. पोरगी नीट मोजते?”

“तुमच्यापेक्षा नीट. तुम्ही मोजताना शिट्टी वाजवायचात.”

“शिट्टी वाजवल्याशिवाय आकडा लक्षात राहत नाही. हे शास्त्र आहे.”

तिने पाण्याचं भांडं त्याच्या हाताशी ठेवलं आणि फ्रेमच्या काचेवरून उगाच बोटं फिरवली. धूळ नव्हतीच.

“अहो, एक नंबर पहिल्यांदा कुठं होता?”

“आहे तिथंच.”

तिने खाली वाकून त्याच्या गुडघ्यावरचं फडकं सारखं केलं. बाहेर कुणीतरी हापशावर पाणी भरत होतं. त्याचा दांडा वर-खाली होताना कुरकुरत होता. खिडकीतून तिकडे पाहत रखवालदार म्हणाला, “तू हे आजच का काढलंस?”

“सोमवारी बैठक आहे. पोरगी म्हणते ती वर चाललीये, आणि तुमची वही म्हणते ती जागची हललेली नाही. वहीमुळे पोरगी खोटी पडतेय.”

“वही खोटी नाही!” तो इतक्या जोरात म्हणाला, की एक फडकं गुडघ्यावरून खाली पडलं. “एकही आकडा मी मनाने लिहिलेला नाही. जितकी दिसली तितकीच लिहिली.”

“आकडे खरेच आहेत. झाडं तीच आहेत का?”

त्याने पडलेलं फडकं पायाने जवळ ओढलं. मोठे सर गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी रखवालदाराचा हात धरून लालपाठीबद्दल सांगितलं होतं, ‘हिच्यावर नजर ठेव. हिची साथ सोडू नकोस.’ त्याने ते शब्दशः मानलं. एखाद्या नंबराखाली लालपाठी विरळ होत गेली आणि थोडी वर दाट दिसली, की तो जुना पत्रा काढून तिथंच मुळाशी टाकायचा, त्याच नंबराचा नवा पत्रा वरच्या झाडाला ठोकायचा, आणि तिथे मोजायचा. जंगलखात्याच्या कचेरीला जागेची नोंद हवी होती. हा रोपाची सोबत करत राहिला. त्याला यात वावगं काही वाटलंच नाही. हरवलेली गाय जिथं सापडेल तिथंच राखायची असते.

दोरीवालीला मात्र कळलं होतं. नवव्या वर्षी, रखवालदार घरी नसताना, कचेरीतून एक अधिकारी आले आणि ओसरीत बसून बरोबरच्या कारकुनाला समजावत होते, ‘झाड बदलायचं नाही. रोपं संपली तर शून्य लिहायचं. शून्य हीसुद्धा खबर असते.’ ती आत बसून ते ऐकत होती. त्याच महिन्यात नवऱ्याची नोकरी कायम व्हायची होती. ती मूग गिळून बसली. कायम झाल्यावर बोलू म्हणाली, आणि मग बोलायची वेळ कधी आलीच नाही.

“खाली ती उरलीच नव्हती,” रखवालदार आता हळू म्हणाला. “मग काय रिकाम्या जागेचा पहारा करायचा?”

“उद्या मी पोरीला खाली नेणार आहे. जुन्या जागा दाखवणार आहे.”

“हात दाखवून अवलक्षण! सगळ्या वस्तीत शोभा होईल माझी. हा कागद उतरवायला लावतील.”

“मग उतरवू.”

“तुझं काय जातं? नाव माझं आहे त्यावर.”

ती दारात थांबली. “दोरी माझ्या हातात होती ना? मग निम्मं नाव माझंही आहे. फक्त लिहायचं राहिलंय.”

त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. जेवणही त्याने खिडकीकडे तोंड करूनच उरकलं.

सकाळी ती उठली तेव्हा दाराशी खुरपं ठेवलेलं होतं. धार लावलेलं, मुठीला नवी चिंधी गुंडाळलेली. खुर्चीपासून दारापर्यंत नऊ पावलं. ती पावलं तो कशी चालला असेल, ते तिने विचारलं नाही. आत डोळे मिटून पडलेल्या माणसाने फक्त इतकंच म्हटलं, “एक नंबरच्या मुळाशी दोन पत्रे सापडतील. पहिला ठोकताना वाकला होता. तिथंच टाकला.”

नदीपासून दोनशे दहा पावलं वर आल्यावर दोरीवाली थांबली. उन्हं आत येत होती. इथली मोठी झाडं विरळ झाली होती आणि खाली नुसतं गवत माजलं होतं. मुलगी इकडेतिकडे पाहत होती.

“काकू, इथं काय आहे? एक नंबर तर बराच वर आहे.”

“इथं मला पहिल्यांदा जळू लागली होती,” दोरीवाली म्हणाली. “आणि तुझे काका ती काढायला वाकले, तर त्यांच्या मानेला दुसरी.” तिने कुजून भुसा झालेल्या ओंडक्याशी बैठक मारली आणि खुरपं चालवलं. हातभर पालापाचोळा, त्याखाली काळी माती. मग खट्‌ असा आवाज झाला.

पत्रा निघाला. त्याच्या खाली दुसरा, वाकलेला. दोन्हींवर खिळ्याने टोचून काढलेलं: एक, आणि खाली, पंच्याऐंशी.

“हे गंजले कसे नाहीत?”

“गंजतील कसे? माझं लग्नातलं पितळी पातेलं आहे ते. दहा माणसांचा भात व्हायचा त्यात. कचेरीकडून पत्रे येईपर्यंत म्हणून यांनी त्याचा एक तुकडा कापला, आणि कचेरीकडून काही ते आलेच नाहीत. अख्खं पातेलं या जंगलात गेलं माझं.”

मुलगी हसली नाही. ती पत्र्याकडे आणि मग वर, दूरवर असलेल्या एक नंबरच्या झाडाकडे पाहत होती. दोरीवालीने सगळं सांगितलं, नवव्या वर्षीच्या ओसरीसकट. आवाज चढवला नाही, डोळेही पुसले नाहीत. सांगून झाल्यावर खुरप्याची माती बोटाने निपटत राहिली.

“म्हणजे एकतीस वर्षं पाण्यात,” मुलगी म्हणाली. “वहीतला एकही आकडा एका जागेचा नाही. काकू, हे सोमवारी सांगितलं, तर साहेब वहीही फेकून देतील आणि मलाही.”

“देतील तर देतील. पण आता उठ. दोन नंबर अजून खणायचाय.”

“कशाला?”

“सुरुवात केलीये म्हणून.”

दोन नंबरची जुनी जागा तिला पाठ होती. तिथं धाकट्याच्या वेळच्या कळा सुरू झाल्या होत्या, आणि रखवालदार आधी मोजणी पुरी करून मग तिला घेऊन पळाला होता. तिथे पत्र्यावर पंच्याऐंशी निघालं. त्याच्या वर साठ पावलांवर, जिथं ती दोघं दिवसभर अबोला धरून मोजत होती, तिथे पुन्हा दोन, आणि खाली त्र्याण्णव. त्याच्याही वर, जिथे रखवालदार माकडासारखा झाडावर चढला आणि उतरताना विजार फाटली, तिथे दोन, आणि शून्य-एक. प्रत्येक ठिकाणी तिला एक तरी गोष्ट आठवत होती, आणि प्रत्येक गोष्टीखाली पत्रा होता.

तो पाचवा पत्रा हातात घेऊन मुलगी एकदम खाली बसली. तिने सगळे पत्रे पाचोळ्यावर मांडले. खालचा खाली, वरचा वर. यंत्रात नोंदलेल्या दोन नंबरच्या जागांच्या उंची पाहिल्या. चारशे पंच्याण्णव. पाचशे वीस. पाचशे बावन्न. मग ती पत्र्यांकडे अशी टक लावून बसली, की दोरीवालीला वाटलं, ऊन लागलं हिला.

“पोरी, पाणी घे.”

“काकू,” ती म्हणाली, “काकांनी तिची साथ कधीच सोडली नाही ना? ती जिथं दाट, तिथंच नंबर?”

“तेच तर सांगतेय सकाळपासून.”

“आणि प्रत्येक वेळी साल टोचलं?”

“प्रत्येक वेळी. साल टोचल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.”

“मग रोपांची मोजणी गेली खड्ड्यात!” मुलगी ओरडली, आणि वरच्या फांदीवरचा पक्षी भुर्रकन उडाला. “पत्रेच खरी वही आहेत! ती कुठं होती, कोणत्या साली होती, सगळं लिहिलेलं आहे, जमिनीत! ती चालली, काकू, आणि तुम्ही दोघं तिच्याबरोबर चाललात!”

तिने दोरीवालीला मिठी मारली, मातीच्या हातांसकट. दोरीवाली अवघडून उभी राहिली. नवव्या वर्षापासून छातीत अडकून पडलेलं काहीतरी त्या मिठीत सैल झालं, आणि तिला उगाच त्या पातेल्याची आठवण आली. चांगलं जाड पातेलं होतं.

चार दिवसांत त्यांनी चौतीस पत्रे शोधून काढले. सात सापडले नाहीत; एक तर साळिंदराच्या बिळात आत कुठंतरी दिसत होता, तो साळिंदरालाच ठेवला. प्रत्येक पत्र्याचा जागेवर फोटो काढला, यंत्रावर उंची घेतली, आणि मगच तो पिशवीत टाकला.

सोमवारी कचेरीच्या लांब खोलीत साहेब टेबलाच्या एका टोकाला बसले होते. दोन पहारेकऱ्यांनी रखवालदाराला खुर्चीसकट उचलून आणलं. “सावकाश, सावकाश, वरात नाही ही,” तो त्यांना दटावत होता. पण खुर्ची जमिनीला टेकली तशी त्याची जीभही टेकली.

मुलीने टेबलावर पत्रे मांडले. बारा रांगा, प्रत्येक रांग खालून वर. कुणाला काही सांगावं लागलं नाही. साहेबांची नजर आपसूकच रांगेवरून वर चढत गेली. पंच्याऐंशी. त्र्याण्णव. शून्य-एक. शून्य-नऊ.

“म्हणजे,” साहेब रखवालदाराकडे वळले, “तुम्ही एकतीस वर्षं झाडं बदलत होतात? आणि आम्ही तुम्हाला प्रशस्तिपत्र दिलं?”

रखवालदाराचे हात गुडघ्यांवरून उठले आणि तिथेच परत बसले. तेव्हा दोरीवाली उभी राहिली. आयुष्यात ती त्या खोलीत फक्त चहाचे पेले न्यायला आली होती.

“साहेब, यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, मी बोलले नाही. रागवायचं तर मला रागवा. पण आधी या पत्र्यांना विचारा, ती वर जाते की नाही.”

मग रखवालदाराने घसा खाकरला.

“मोठ्या सरांनी मला तिची राखण दिली होती, साहेब. झाडाची नाही दिली. झाड काय, जागच्या जागी राहतं. त्याला राखण कशाला?”

कुणीतरी हसलं. नंतर आणखी कुणी. साहेब हसले नाहीत. त्यांनी एक नंबरचा वाकलेला पत्रा उचलला, उलटा केला, त्यावरून अंगठा फिरवला. “हा कशाचा पत्रा आहे?”

“पातेल्याचा,” दोरीवाली म्हणाली.

साहेबांनी नकाशा ओढला. सगळ्यात वरच्या पत्र्याच्या उंचीवर बोट टेकवलं आणि तिथून रोपवेच्या स्थानकापर्यंत ते सावकाश सरकवत नेलं. “आणखी तीस वर्षांत ती इथं असेल,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग त्यांनी पेन मागितलं.

वरचा उतार राखीव झाला. रोपवेचं स्थानक पलीकडच्या उघड्या माळावर गेलं, जिथं सावलीत वाढणारं काहीच नव्हतं.

त्या दिवशी खोलीत होते, त्यातले साहेब दोन वर्षांनी मोठ्या कचेरीत बदलून गेले. तिथल्या त्यांच्या टेबलावर तो वाकलेला पत्रा कागद दाबायला ठेवलेला असतो, असं येणारे-जाणारे सांगत. मुलीचा लेख परदेशात छापून आला. लेखकांच्या नावांत पहिलं तिचं, दुसरं रखवालदाराचं, तिसरं दोरीवालीचं. वस्तीत पहिल्यांदाच तिचं खरं नाव सगळ्यांना कळलं, आणि आठवडाभरात सगळे ते पुन्हा विसरले. मुलगी आता स्वतःच मोठी बाई झाली आहे. तिची माणसं तीन डोंगरांवर सावलीतली रोपं मोजतात, आणि प्रत्येक पत्र्यावर साल टोचतात. झाड मात्र बदलत नाहीत.

रखवालदार चार वर्षांनी गेला. शेवटपर्यंत तो येणाऱ्याला ते छापील पान दाखवायचा आणि म्हणायचा, “फ्रेम तीच ठेवलीये. आतला कागद तेवढा बदलला.”

धाकटा मुलगा आईला शहरात घेऊन जाईन म्हणाला. ती गेली नाही. दोन हजार सोळामध्येच, बैठकीच्या दुसऱ्या दिवशी, तिने घरातलं उरलेलं शेवटचं झाकण कापलं, खिळ्याने तेरा आकडा आणि साल टोचलं, आणि बारा नंबरच्या वर चाळीस पावलांवर एका झाडाला ते ठोकलं. तिथे तेव्हा काहीही नव्हतं. दर वर्षी ती दोरी बांधायची, पाच पावलांची फेरी घ्यायची, आणि वहीत शून्य लिहायची. एकही खाडा नाही.

सातव्या वर्षी फेरी घेताना तिचा पाय थबकला. पाचोळ्यातून दोन पानं वर आली होती, नखाएवढी. तशी ती कुठल्याही रोपाची असू शकली असती. ती खाली बसली. गुडघे आता तिचेही ऐकत नव्हते. एका बोटाने तिने पान उलटलं.

मग वही उघडून तिने लिहिलं: एक.